आडवा एन्लार्जर

"माह्या लोनच्याच्या बरण्या आता कोनाच्या डोक्शावर ठेवू?" विमलाबाई पुटपुटल्या. पुटपुटण्याचं त्यांचं एक कसब होतं. ज्याला ऐकू जायला हवं त्याच्यापर्यंत शब्द पोचायचा नाही आणि जवळ उभ्या असलेल्या निरपराध माणसाच्या कानात मात्र नीट ओतला जायचा. आत्ता जवळ कोकिळा होती. कोठीच्या दारात सासू-सून एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, कारण आत अण्णाजी स्टुलावर चढून नव्या मोठ्या यंत्रासाठी जमिनीपासून माळ्यापर्यंतचं माप घेत होते आणि टेपचं खालचं टोक सुनेने पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरलं होतं. कोठी अर्धी विमलाबाईंची होती, अर्धी फोटोंची. एका भिंतीला बरण्या, डाळीचे डबे, पापडांची पेटी. दुसऱ्या भिंतीला ओटा, ओट्यावर तीन ट्रे, लाल दिवा आणि फोटो मोठे करून छापायचा तो छोटा एन्लार्जर, ज्याच्या जिवावर अण्णाजींचा वर्ध्याच्या बाजारातला स्टुडिओ इतकी वर्षं तगला होता. फोटो काढायचे बाजारात आणि धुवायचे, छापायचे इथे घरी, नालवाडीत. शेजारपाजारचं कोणी त्यांच्या घरचं लोणचं मागायला येत नसे. फोटो धुवायच्या हायपोचा वास येतो म्हणत.

"उभा पुरा वर जात नाई," अण्णाजी टेपला म्हणाले. "माळ्याले टेकते. आडवाच घ्या लागन." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आडव्यात भिंतीएवढा फोटो निंगते."

विमलाबाईंची पुटपुट थांबली. कोकिळेने अंगठा उचलला तशी टेप सर्रकन वर गेली आणि अण्णाजींच्या हातात गुंडाळून बसली. ते मात्र स्टुलावरच उभे राहिले, खाली उतरायचं कसं ते विसरल्यासारखे. भिंतीएवढा फोटो कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. त्या घरात तीन माणसं होती आणि तिघांनाही ते ठाऊक होतं.

कारण अण्णाजींच्या गिऱ्हाइकांत जिवंत माणसाचा फोटो मोठा करायची रीत नव्हती. जिवंत माणूस पोस्टकार्डाएवढा. लग्नाचा जोडा असला तर त्याहून जरा मोठा, तोही कपाटावर ठेवायला. चौकटीत भरून, भिंतीला खिळा ठोकून, वर बल्ब लावून जो फोटो टांगतात तो गेलेल्या माणसाचा. त्या मापाची ऑर्डर घेऊन कोणी स्टुडिओत आलं की अण्णाजी आधी पायातल्या चपला काढत आणि मग विचारत, "कवा झालं?" कोकिळेला लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षीचं अजून आठवायचं. तिच्या नवऱ्याने, चंद्रभानने, शेजारच्या मनकर्णाबाईंचा एक झकास फोटो काढला होता, सुपात गहू पाखडताना, तोंडभर हसू. छोट्या यंत्रातून निघेल तेवढा मोठा केला, चौकट केली आणि दिवाळीला नेऊन दिला. म्हातारीने फोटो पाहिला आणि ओसरीत बसून जी रडायला लागली ती दोन दिवस जेवली नाही. "मले जित्तेपनी भितीवर चढवलं," म्हणाली. अण्णाजींनी जाऊन माफी मागितली, फोटो परत आणला, काच काढून त्याचे चार तुकडे केले. चंद्रभान तेव्हा हसला नव्हता. रात्री कोकिळेला म्हणाला होता, "इथं मानूस मेल्याशिवाय मोठा होत नाई." ती हसली होती. तिला तो विनोद वाटला होता. पुढे पुष्कळ गोष्टींबाबत तिचं असं झालं.

तो गेला ते भाद्रपदात. सकाळी खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी अडकवून ओसरीत उभा राहिला आणि म्हणाला, "सिंदीले लग्न हाय, फोटो काढाले जातो." अण्णाजी दाढी करत होते. विमलाबाई पोळ्या लाटत होत्या. कोकिळा त्याला पाण्याचा तांब्या द्यायला उंबऱ्यात आली होती. तिघांनी ऐकलं. पितृपंधरवडा सुरू होता. दोन दिवसांपूर्वी त्याच घरात अण्णाजींच्या वडिलांचं पान वाढलं होतं. पितृपक्षात लग्न कोण लावतं? शेंबडं पोर ते सांगेल. पण अण्णाजींनी गालावरून वस्तरा फिरवला, विमलाबाईंनी पोळी उलटली आणि कोकिळा म्हणाली, "परतीची गाडी कोनती?" यावर तिने पुढे इतका विचार केला होता की त्या क्षणाला आता काही धार उरली नव्हती, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा तो झाला होता. एवढं कच्चं खोटं माणूस का बोलतो? बोलायला चांगलं खोटं सुचलं नाही म्हणून, की कोणीतरी पकडावं म्हणून? तो क्षणभर उभा राहिला होता. तांब्यातलं पाणी त्याने सगळं प्यायलं, अगदी तळापर्यंत. मग गेला.

पोलीस झाले, रेल्वेत चौकशी झाली, पवनारला नदीवर माणसं जाऊन आली. कोणी म्हणालं नदीला पूर होता, काठावर फोटो काढताना पाय घसरला असेल. हे म्हणणं घरात येऊन बसलं आणि कोणी त्याला ऊठ म्हटलं नाही. पण चौथ्या-पाचव्या दिवशी स्टुडिओतली गिऱ्हाइकं खोळंबली म्हणून अण्णाजींनी कोठीत जाऊन छापायला घ्यावं असं ठरलं, तेव्हा कोकिळा आधी जाऊन ओटा पुसायला लागली आणि तिला दिसलं की छोट्या एन्लार्जरला भिंग नाही. नुसतं गोल भोक. ओरबाडलेलं नव्हतं, तोडलेलं नव्हतं. सावकाश आटे फिरवून काढलेलं होतं आणि धूळ जाऊ नये म्हणून भोकाला स्वच्छ फडक्याचा बोळा लावून ठेवला होता. नदीवर फोटो काढायला निघालेल्या माणसाला एन्लार्जरचं भिंग लागत नाही. ते लागतं दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या अंधाऱ्या खोलीत. ती बाहेर येऊन म्हणाली, "मामाजी, भिंग नाई." अण्णाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग विमलाबाईंकडे. विमलाबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले. दुसऱ्या दिवशी अण्णाजी नागपूरला जाऊन नवं भिंग घेऊन आले. त्याबद्दल त्या घरात पुन्हा शब्द निघाला नाही.

पण बोळ्याची गोष्ट कोकिळेने कोणाला सांगितली नव्हती. तो कपडा तिच्या जुन्या पोलक्याचा होता. जाणाऱ्या माणसाने यंत्राची काळजी घेतली होती. हे तिला काही रात्री आठवायचं आणि त्या यंत्राचा मत्सर वाटायचा, मग स्वतःचंच हसू यायचं. लोखंडाचा मत्सर करणारी बाई वर्धा जिल्ह्यात ती एकटीच असावी.

छापायचं काम तिच्याकडे आलं ते असंच, कोणी दिलं नाही आणि तिने मागितलं नाही. अण्णाजींची नजर जवळचं पाहायला कमी पडायला लागली होती. चंद्रभानला चहा नेऊन देता देता, दारातून पाहता पाहता तिला पुष्कळ कळलं होतं. कागदाची कोणती बाजू वर, कोणत्या ट्रेतून कोणत्या ट्रेत, काळं किती झालं की उचलायचं. पण अडचण वेगळी होती. एवढ्याशा कोठीत, दार लावून, दिवा मालवून सासरा आणि सून कसे उभे राहणार? त्यावर बोलणं झालंच नाही, व्यवस्था मात्र झाली. दाराला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन काळे पडदे आले. कोकिळा आत. अण्णाजी बाहेर, स्वैपाकघरातल्या पाटावर, हातात घड्याळ. ती आतून म्हणायची, "हं." ते बाहेरून मोजायला लागायचे. त्यांच्या आवाजावर ती प्रकाश सोडायची आणि तोडायची. विमलाबाईंची फोडणी, अण्णाजींचे आकडे आणि आत अंधारात ट्रेमध्ये हळूहळू वर येणारे लोकांचे चेहरे. बाहेर ते एकमेकांशी थेट बोलत नसत. "सूनबाईले सांग, उद्या शाळेचा ग्रुप फोटो हाय," हे ते विमलाबाईंना सांगत, कोकिळा समोर उभी असताना. पण पडद्याच्या दोन बाजूंना एकदा उभं राहिलं की त्यांचं छान जमायचं. कधी कधी तिला वाटायचं, आपला संसार झाला तो या म्हाताऱ्या आवाजाशी. नवऱ्याबरोबर सहा वर्षं. ना मूल, ना भांडण. या आवाजाबरोबर त्याच्या दुप्पट.

आणि हे दुप्पटच आता अंगावर आलं होतं. उन्हाळ्यात अण्णाजींचे धाकटे भाऊ नानाजी सिंदीहून आले, आंब्याची टोपली ठेवली, चहा घेतला आणि बशीत पाहत म्हणाले, "दादा, यंदा बारा वर्सं होते." तेवढंच म्हणाले. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याचं काय करायचं असतं ते सगळ्यांना माहीत होतं. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, तेरावं करायचं. मग घरातला माणूस गेलेला ठरतो आणि त्याची बायको जी ठरायची ती ठरते.   पंधरा दिवसांनी अण्णाजी सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "जुन्या काचेच्या प्लेटा पडल्या हायत पेटीत. कापसाच्या व्यापाऱ्याईच्या बापजाद्याचे फोटो हायत त्याच्यात. आपल्या छोट्या मशीनमंदी ते प्लेट बसत नाई. मोठं मशीन घेतलं तं लोक मोठे करून नेतीन." रंगीत फोटोंचं दुकान स्टेशनाजवळ उघडून वर्ष झालं होतं. एशियाडसाठी रंगीत टीव्ही येणार म्हणून लोक वेडे झाले होते. अशा वेळी काळ्या-पांढऱ्याचं एवढं मोठं यंत्र कोण घेतं? हिंगणघाटला ते जुनं विकायला निघालं होतं म्हणून स्वस्तात येत होतं, एवढंच. पण कोणी ही गोष्ट काढली नाही. कारण त्या पेटीत, व्यापाऱ्यांच्या बापजाद्यांच्या खाली, चंद्रभानचीही एक प्लेट होती. ती एकच. फोटोवाल्याच्या घरात घरच्यांचे फोटो नसतात. लग्नात अण्णाजींनी दुसऱ्या कोणा फोटोवाल्याला हात लावू दिला नाही आणि स्वतः वरबाप असल्यामुळे त्यांना काढता आला नाही, त्यामुळे कोकिळेच्या लग्नाला फोटोचा पुरावाच नव्हता. होतं ते गळ्यात आणि कपाळावर.

ते कपाळावरचं लावताना हल्ली तिचा हात जड व्हायचा. दुःखाने नव्हे. दमल्याने. कुंकू लावलं की बाहेर त्याचं रक्षण करत फिरावं लागायचं. हळदीकुंकवाला बोलवायला येणाऱ्या बायका दारात क्षणभर अडखळायच्या, बोलवावं की नाही, आणि मग जास्तच गोड बोलायच्या. त्यांतल्या कौशल्याबाई तर दर वेळी तिच्या आधी स्वतःलाच दोनदा कुंकू लावून घ्यायच्या, उतारा घेतल्यासारखं. तिला वाटायचं, काय ते एकदाचं ठरू द्या. भिंतीवर फोटो चढू दे, हार पडू दे, मी पांढरं कपाळ घेऊन आत जाऊन झोपते. आणि लगेच दुसरं वाटायचं, की ते आटे फिरवून काढलेलं भिंग जिथे कुठे असेल तिथे आत्ता कोणाचा तरी फोटो मोठा होत असेल, आणि मी इथे जित्या माणसाची विधवा होणार. विधवा व्हायला आपली हरकत आहे की जित्या माणसाची व्हायला, हे तिला नीट ठरवता येत नव्हतं. ठरवायला निवांतपणा लागतो. तिच्यामागे शाळेचे ग्रुप होते.

यंत्र पाहायला हिंगणघाटला तिघेही गेले. खरं तर अण्णाजी आणि सून पुरेसे होते, यंत्र चालवणार ती. पण विमलाबाईंनी आदल्या दिवशीच लुगडं काढून ठेवलं. "मी पन येतो. तुमी दोघं काहीबी उचलून आनसान," म्हणाल्या. यंत्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण यंत्र पाहायचं म्हणजे अंधार करावा लागणार, एवढं त्यांना कळत होतं. एस्टीत कोकिळा आणि त्या एका बाकावर, अण्णाजी पुढच्या. त्यांच्या मांडीवर जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं, आणि खड्डा आला की ते दोन्ही हातांनी ते वर उचलून धरत. काय आहे हे विमलाबाईंनी विचारलं नाही. कोकिळेनेही नाही. बाहेर कपाशीची पऱ्हाटी चांगली वर आली होती, पिवळी फुलं धरली होती. विमलाबाई वाटभर तिच्यावरच बोलल्या. पाऊस बरा झाला, यंदा बोंड बरं येईल, या बाजूची माती आपल्याहून काळी आहे. इतकं त्या एरवी बोलत नसत.

यंत्र विकणाऱ्या ओमप्रकाशच्या वडिलांनी एके काळी गिरणीतल्या साऱ्या साहेबलोकांचे, खात्याखात्याचे ग्रुप फोटो काढले होते. आता म्हातारे गेले, ओमप्रकाश पन्नाशीला आला आणि त्याला समोरच्या खोलीत साड्यांचं दुकान काढायचं होतं. "आइए अण्णाजी, आइए. काकीजी पन आल्या? अन् भाभीजी? बहोत अच्छा. चालवनाराच पाहून घेईन तं झगडाच खतम," म्हणत त्याने तिघांना मागच्या खोलीत नेलं. खोली मोठी होती, खिडक्यांना आतून काळा रंग. दोन्ही यंत्रं तिथेच होती. उभं यंत्र कोपऱ्यात, लग्नात रुसून बसलेल्या मोठ्या जावयासारखं. वर डोकं, खाली पाट, मध्ये खांब. आडवं मात्र खोलीभर पसरलं होतं. टेबलावर रूळ, रुळावर दिव्याची पेटी, पुढे घड्यांचा भाता, भात्याला भिंग, आणि समोरच्या भिंतीवर पांढरा फळा.

"हे उभं घ्या," ओमप्रकाश म्हणाला, "तं भाभीजी एकल्या चालवतीन. नो झंझट. पन अण्णाजी, तुमच्या माळ्याचं माप तुमी सांगतलं, त्याच्याखाली हे जास्त वर जानार नाई. म्हनजे फोटो जास्त मोठा होनार नाई. अन् आडव्याले दोन मानसं लागते. एकानं इथं मागं उभं राहून भाता फिरवाचा, दुसऱ्यानं तिकडं भिंतीपाशी उभं राहून पाहाचं, का बरोबर आलं का नाई. एकट्याच्यानं होतच नाई. पन फोटो म्हनसान तेवढा. भिंत म्हनसान तं भिंत."

"दोन मानसं म्हनजे दोघं बी आतच?" विमलाबाईंनी विचारलं.

"काकीजी, बाहेरून कसा फिरवनार?"

विमलाबाईंनी पदर सारखा केला. "मंग मी बी आत बसन. बरण्या इकडच्या तिकडं करू." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की एवढ्यासाठी वर्षानुवर्षं दोन पडदे आणि एक पाट कशाला लागला असं कोकिळेला वाटून गेलं.

"भाभीजी, तुमी बोला," ओमप्रकाश म्हणाला. "उभा की आडवा?"

अण्णाजी उभ्या यंत्राच्या खांबावरून बोट फिरवत होते, धूळ पाहिल्यासारखं. ते तिच्याकडे पाहत नव्हते. विमलाबाई तर काळ्या खिडकीतून बाहेर पाहत होत्या, जिच्यातून काहीच दिसत नव्हतं. कोकिळेच्या लक्षात आलं की हे तिच्यावर सोडून दिलेलं आहे. उभा म्हटलं तर तिचं एकटीचं काम, तिचा पडदा, तिचं कपाळ, सगळं होतं तसं चालू. फोटो मोठा होऊच शकत नाही, यंत्रच तसं. कोणी कोणाला नाही म्हणायची पाळी नाही. आणि आडवा म्हटलं तर पितृपक्षाच्या आत चौकट तयार. किती नीट मांडून ठेवलं होतं या म्हाताऱ्या माणसांनी तिच्यापुढे, न बोलता, दोन यंत्रांच्या रूपाने. दुष्टपणाने नव्हे. त्यांनाही कोणीतरी हवं होतं म्हणणारं. तिला एकदम इतकं दमल्यासारखं झालं की जवळ पाट असता तर ती ओढून बसली असती.

"आडवा," ती म्हणाली.

 मग ओमप्रकाशने टाळी वाजवली. "चला, चालू करून दाखवतो. एखादी निगेटिव्ह आनली का?"

अण्णाजींनी धोतराचा तुकडा उलगडला. आत जाड कागद, कागदात काच. ती त्यांनी दोन्ही कडांनी धरून ओमप्रकाशच्या हातात दिली, आणि दिल्यावरही हात तसेच काही वेळ पुढे राहिले. ओमप्रकाशने प्लेट यंत्रात सरकवली, विमलाबाईंना एक स्टूल दिलं, दार लावलं. अंधार झाला. तापलेल्या पंख्यासारखा काहीतरी गरम वास आला, दिव्याचा, आणि समोरच्या भिंतीवर एक मोठा धूसर डाग उमटला.

"सूनबाई," अण्णाजी म्हणाले. थेट तिला, मध्ये कोणी नाही. "भिंतीपाशी जा. मी फिरवतो."

ती फळ्याजवळ जाऊन उभी राहिली. धूसर डागात प्रथम काही कळेना. मग तो बाजूंनी आवळत आला, त्याला काठ आले, आणि तिला दिसलं की माणूस डोकं खाली पाय वर आहे.

"उलटा काऊन टांगला त्याले?" विमलाबाई अंधारातून म्हणाल्या.

"सॉरी, काकीजी, प्लेट उलटी लागली," म्हणत ओमप्रकाशने ती काढून फिरवून लावली. आता तो सरळ झाला. स्टुडिओतल्या त्या नक्षीच्या खुर्चीवर बसलेला, एक हात गुडघ्यावर. निगेटिव्ह असल्यामुळे सगळं उलटपालट. चेहरा काळा, सदरा काळा आणि डोक्यावरचे दाट काळे केस पांढरेशुभ्र. चोविशीचा चंद्रभान भिंतीवर म्हातारा होऊन बसला होता, कदाचित आज कुठेतरी असेल त्याहूनही म्हातारा. एवढा मोठा तिने त्याला कधी पाहिला नव्हता. त्याचं नुसतं डोकं तिच्या धडाएवढं होतं. तिला भीती वाटायला हवी होती, किंवा रडू यायला हवं होतं, पण तिचे डोळे आपोआप पापण्यांच्या कडेला गेले, कारण फोकस तिथेच पाहतात.

"पुढं," ती म्हणाली. "अजून. नाई, मांगं. थोडं मांगं."

मागे अण्णाजींचा हात गोल बटन फिरवत होता, तो कुरकुर आवाज येत होता. त्यांनी तिला काम करताना आजवर पाहिलंच नव्हतं. आता ते पाहत असणार, भिंतीवरचा मुलगा आणि त्याच्या गालावर पडलेली तिची सावली. एक-एक केस सुटा झाला. भुवया सुट्या झाल्या.

"बस," ती म्हणाली. "आलं."

फोटो लख्ख उभा राहिला. आणि त्यासरशी कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, बारीक बारीक रेघांची एक जाळी दिसायला लागली. हाताने ओढलेल्या, पेन्सिलीच्या रेघा. लहान फोटोत त्या कधी दिसल्या नसत्या. त्यासाठीच तर त्या इतक्या बारीक ओढतात.

"हे काय वं त्याच्या कपाळावर?" विमलाबाईंनी विचारलं. "प्लेट खराब झाली काय?"

"खराब नाई झाली," कोकिळा म्हणाली. पुढचं सांगायचं काम तिचं नव्हतं.

अण्णाजींनी बटनावरचा हात काढला. "मी बुजवल्या होत्या तिथं. आठ्या होत्या."

"कवा?"

"फोटो काढला तवाच. सगळ्याईच्याच बुजवतो आपन. फोटोत मानसानं बरं दिसावं म्हून."

"चोविशीच्या पोराले आठ्या?"

"होत्या," अण्णाजी म्हणाले. "मी म्हनलं त्याले, कपाळ सैल सोड. नाई सोडलं. मंग रातच्याले बसून बुजवल्या पेन्सिलीनं."

भिंतीवरचा उजेड किंचित हलला, यंत्राला कोणाचा तरी धक्का लागला असावा. ओमप्रकाश दाराकडे सरकला होता. हे गिऱ्हाइकाचं नुसतं मशीन पाहणं नाही, एवढं त्यालाही कळलं होतं. दारापाशी जाऊन तो उघडण्याचं विसरून तिथेच उभा राहिला. कोकिळा फळ्यासमोरून बाजूला झाली, तिच्या सावलीने झाकलेला गाल मोकळा झाला. तिला वाटलं आता अण्णाजी म्हणतील, ठीक आहे, हेच मशीन, गाडी करू, आणि आपण होय म्हणू. तिने ओठ ओले केले.

स्टूल सरकल्याचा आवाज आला. विमलाबाई उठून भिंतीपाशी आल्या. प्रकाशात त्यांचं लुगडं, त्यांचे हात, सगळं पोराच्या फोटोने भरून गेलं. त्यांनी हात उचलला आणि त्या रेघांवर बोट ठेवलं तर रेघाच त्यांच्या बोटावर चढल्या.

"मले दिसत होत्या ह्या," त्या म्हणाल्या. पुटपुटल्या नाहीत. "लग्नाच्या आधीपासून दिसत होत्या. मी म्हनो, डोकं दुखत असन." त्या वळल्या, यंत्राच्या दिव्याकडे तोंड करून, डोळे मिटून. "तुमी याले हार घालून राह्यले. जित्या मानसाले हार घालाचा नाई. अन् आपली लाज झाकासाठी या पोरीचं कुंकू पुसाचं नाई. तो मेला नाई, नदीत वाहून गेला नाई. तो आपल्या पायानं गेला. त्याले आपल्यापाशी राह्याचंच नोतं."